हेडलाइट पिवळे पडलेत: घरी घासावेत की नवीन बसवावेत?

घाटवाट_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. आमची २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन ठणठणीत, पण दोन्ही हेडलाइट धुरकट पिवळे झालेत. माझं माहेर वैभववाडीला, त्यामुळे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरणं नेहमीचंच. परवा रात्री उतरताना अप्पर लावला तरी कडेचा पांढरा पट्टा दिसेना. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही असेंब्ली, म्हणजे अख्खे हेडलाइटच बदला. जाऊबाई म्हणतात टूथपेस्टने घास. व्हिडिओत कुणी डासांचं मलम चोळतंय. घरी करण्यासारखं काम आहे का हे? हात चालवायला मी तयार आहे.

सुट्टीचा_मेकॅनिक
पांढरी टूथपेस्ट घ्या, जेलवाली नको. ओल्या फडक्याने पंधरा मिनिटं गोल गोल चोळा. आमच्या गाडीला झकास फरक पडला.

कराडचा_पेंटर
पडतो की फरक. किती दिवस टिकला तेही सांगा राव.

ताई, माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे, हे काम बऱ्याचदा येतं. आधी एक बघा. हेडलाइटवर पाणी ओता आणि ओला असतानाच समोरून निरखा. पाण्याने धुरकटपणा गेला तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे, घासून निघेल. ओला असूनही ढगाळच दिसला तर आत ओल गेली आहे किंवा रिफ्लेक्टरची (बल्बमागच्या चकचकीत वाटीची) चमक उडाली आहे. तिथे बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य.

पूर्वी पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरला खरी काच असायची. दगड लागला तर फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आता सगळं पॉलिकार्बोनेट. ते उन्हात तग धरत नाही म्हणून कंपनी त्यावर पातळ कडक थर देते. वर्षानुवर्षं उन्हात गाडी उभी राहिली की आधी तो थर मरतो आणि मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्ट हा मेलेला थर वरवर खरवडते एवढंच. डासांच्या मलमाच्या तर वाटेलाच जाऊ नका. बऱ्याच मलमांत प्लास्टिक मऊ करणारं रसायन असतं. दोन दिवस चकचकीत दिसतं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. थिनर आणि पेट्रोलही नको, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

घरी करायचं तर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) आणा: ८००, १००० आणि १५०० नंबर. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर द्या, नाहीतर बॉनेटची कड उडेल. सावलीत बसा, पेपर भिजत ठेवा, पाणी सोडत राहा. ८०० ने घासताना सुरुवातीला पिवळट दुधाळ पाणी निघतं. ते सगळीकडून पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही, कोपऱ्यातसुद्धा. लोक इथेच कंटाळतात. मग जुना थर मध्येमध्ये राहतो आणि वर काहीही मारलं तरी नकाशासारखे डाग दिसतात. एक नंबर आडवा घासला असेल तर त्याच्या पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. १५०० नंतर हेडलाइट सगळीकडून सारखा दुधी दिसेल. घाबरू नका, तसाच दिसायला हवा.

आता खरा प्रश्न. इथून पुढे रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारून चमकवला तर गाडी लगेच नवी दिसते, बरेच जण तिथेच पैसे घेऊन मोकळे होतात. पण प्लास्टिक आता उघडं पडलेलं असतं, काही महिन्यांत पुन्हा पिवळं. त्यावर यूव्ही संरक्षण असलेला २के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा पारदर्शक थर, मारायलाच हवा. आणि क्लिअर मारायचा असेल तर कंपाउंड लावूच नका. त्यातलं तेल राहिलं की क्लिअरला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. १५०० चे ओरखडे क्लिअर स्वतःच भरून काढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पहिला हात अगदी हलका, दहा मिनिटांनी दुसरा ओला हात.

स्प्रेच्या डब्याखाली हार्डनरचं बटण असतं. ते दाबल्यावर डबा एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो, म्हणून दोन्ही हेडलाइट तयार झाल्यावरच दाबा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना फार वाईट. धुळीचा साधा मास्क चालत नाही, रंगकामाचा कार्बन फिल्टरवाला लागतो. तो नसेल तर घासण्याचं काम घरी करा आणि क्लिअर पेंटरकडून मारून घ्या. मी तरी हेच सुचवेन.

घाटवाट_कोल्हापूर
दादा, पाण्याची चाचणी केली. डावा एकदम स्वच्छ दिसला. उजवा ढगाळच, आणि खालच्या कोपऱ्यात थेंब धरलेत. आता? क्लिअर या आठवड्यात मारला तर चालेल का? इथे पावसाची रिपरिप आहे.

कराडचा_पेंटर
उजव्याचं सील गेलंय किंवा मागचं रबराचं बूच नीट बसलेलं नाही. बल्ब बदलताना पुष्कळदा ते तिरकं राहतं, आधी तेच बघा. रिफ्लेक्टरची चमक गेली असेल तर तो एकच बदला, दोन्ही कशाला? उद्यमनगरात चौकशी करा.

रिपरिपीत क्लिअर नको. दमट हवेत तो पांढरट धरतो, सगळी मेहनत पाण्यात. डावा आत्ता घासून, कंपाउंड मारून, वर वॅक्स लावून चालवा, वॅक्स महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावा. दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी १००० पासून परत घासा, सगळं वॅक्स निघालं पाहिजे, मग क्लिअर.

सुट्टीचा_मेकॅनिक
एवढ्या खटाटोपापेक्षा १०० वॅटचे बल्ब टाका की.

कराडचा_पेंटर
एच४ (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये असलेला प्रकार) चा बल्ब ६०/५५ वॅटचाच हवा. १०० वॅटच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळतो, आणि धुरकट लेन्समधून उजेड आणखी फाकून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. करूळच्या वळणावर ट्रकवाल्याला आंधळं करून कुणाचं भलं होणार? ताई, त्यापेक्षा नवी असेंब्ली बसवल्यावर फोकस सेट करून घ्या. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करायची, टायरची हवा बरोबर हवी आणि डिकी रिकामी.