शेअरपॉइंट ऑनलाइन: यूजरची खरी परमिशन कोडनं कशी तपासायची?

प्रश्न (निपाणी): आमच्या सौहार्द (सहकारी) सोसायटीच्या शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टची फायली-याद्या ठेवायची ऑनलाइन सेवा) साइटवर 'कर्ज अर्ज' लिस्ट आहे. अमुक कर्मचाऱ्याला एडिट करता येतं का, ते सी-शार्पमधून पाहायचंय. रोल-असाइनमेंट्स (कुणाला कोणते हक्क दिले त्याच्या नोंदी) कोडमधून एकेक करून फिरवल्या, तर निम्मी नावंच दिसत नाहीत.

उत्तर (बेळगाव): दिसणार नाहीतच. तिथं थेट दिलेले हक्क असतात. ग्रुपमधून आलेला माणूस ग्रुपच्या नावाखाली लपतो. लिस्टवर गेट-यूजर-इफेक्टिव्ह-परमिशन्स (ग्रुपसकट एकूण हक्क देणारी मेथड) बोलवा, एक्झिक्यूट-क्वेरी करून ती विनंती सर्व्हरला पाठवा, मग व्हॅल्यूवर हॅज(एडिट-लिस्ट-आयटम्स) तपासा. क्वेरीआधी व्हॅल्यू वाचू नका, ती तोवर भरलेली नसते. नुसता ईमेल चालत नाही, 'आय:0#.एफ|मेंबरशिप|ईमेल' असं पूर्ण लॉगिन नाव द्या.

उत्तर (खानापूर): साइटवर तपासून थांबू नका हो. लिस्टचं इनहेरिटन्स (साइटकडून आपोआप येणारे हक्क) तोडलेलं असलं की साइटचं उत्तर खोटं पडू शकतं. एखाद्या अर्जालाच वेगळे हक्क असतील, तर त्या आयटमवरच विचारा. रेस्टनं (म्हणजे सी-शार्पऐवजी वेब पत्त्यावरून) विचारत असाल तर लॉगिनमधलं # हे %23 लिहा, नाहीतर ब्राउझर पुढचं सगळं कापतो. उत्तरात हाय आणि लो असे दोन आकडे येतात. एडिटचा बिट लोमध्ये, किंमत 4. म्हणजे लो & 4 (दोन्हींत सामाईक बिट) शून्य नसेल तर एडिट आहे.

निपाणी: माझ्या खात्यावरून चालतं, पण सर्व्हिस खात्यावरून (प्रोग्रॅम चालवायला ठेवलेलं खातं) 'ॲक्सेस डिनाइड'.

बेळगाव: दुसऱ्याचे हक्क पाहायला त्या खात्याला एन्युमरेट परमिशन्स (इतरांचे हक्क पाहायची परवानगी) लागते. फुल कंट्रोलमध्ये ती असतेच, पण तेवढ्यासाठी फुल कंट्रोल वाटू नका. ती असलेली वेगळी परमिशन लेव्हल (हक्कांचा संच) बनवा.