शब्दाला ६० पैसे: काम घ्यायचं की सोडायचं?

शाईदौत:
इंग्रजी-मराठी भाषांतर आणि माहितीपत्रकांचं लेखन यावर माझं घर चालतं. परवा एका एजन्सीची मेल आली: विम्याची कागदपत्रं, ४०,००० शब्द, शब्दाला ६० पैसे, आणि पैसे काम मंजूर झाल्यावर ६० दिवसांनी. मी नाही म्हटलं. संध्याकाळपर्यंत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या दोघींनी ते घेतलंही होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला यावरच पोट भरायचंय त्याने दीड रुपयाच्या खाली उतरू नये. विम्याचा मजकूर नीट तपासून दिवसाला २,००० शब्दांच्या वर होत नाही. म्हणजे ६० पैशांनी १,२०० रुपये. महिन्यात बिल लावता येतील असे दिवस सोळाच्या आसपास, बाकीचे दुरुस्त्या, थकबाकीचे फोन आणि नवीन काम शोधण्यात जातात. हातात १९,२०० रुपये, तेही दोन महिन्यांनी.

आणि शब्द कुठले मोजणार हे आधी विचारून घ्या. मराठीत विभक्ती नि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतले चार-पाच शब्द 'घरासमोर' एवढ्या एका शब्दात बसतात. दर तोच ठेवून मराठी शब्द मोजले की बिल गुपचूप खाली येतं.

जालनाकर:
ताई, हिशेब पटला, निष्कर्ष नाही पटला. मी जालन्यात राहतो, मराठीत बी. ए. केलंय, पुण्या-मुंबईत ओळखीचं कुणी नाही. दीड रुपया सांगितला की समोरून उत्तरच येत नाही. ६० पैशांच्या कामांनीच मला ट्रान्सलेशन मेमरी (आधी केलेली भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणारं सॉफ्टवेअर) वापरायला शिकवलं, विम्याची परिभाषा हातात बसली. ते सोडलं तर माझ्यासाठी इथे दुकानात हिशेब लिहिण्याचं काम उरतं, आणि त्याचा पगार याहून कमी आहे. ग्रुपवरच्या त्या दोघींना दोष देण्याआधी त्यांच्या घरची परिस्थिती बघा.

अंक-संपादक:
सगळं लेखन एका तराजूत घालू नका. आम्ही दिवाळी अंक काढतो. कागद महाग, जाहिराती आटल्या. कथेला शब्दामागे दीड रुपया द्यायचा म्हटलं तर अंक बंद होईल आणि नव्या लेखकाची एक जागा कमी होईल.

शाईदौत:
संपादक, मानधन कमी असणं मी समजू शकते. पण लेख मागतानाच आकडा आणि तारीख सांगायला कागदाचा भाव आड येत नाही. हक्कांचंही तसंच. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरण लेखी लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ते ५ वर्षांपुरतंच धरलं जातं. कमी पैसे देऊन वर 'सर्व हक्क कायमचे' हे मला मान्य नाही.

कोपरा_टेबल:
६० पैसे की दीड रुपया यावर भांडण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक बदला. वीसेक वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो, पैसा तिथे आहे जिथे मराठी मजकूर कायद्याने लागतो किंवा चुकला तर महागात पडतो.

आयपीओच्या, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्याच्या, जाहिराती बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार इंग्रजी आणि हिंदी दैनिकाबरोबर नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या प्रादेशिक भाषेतही जाहिरात द्यावी लागते. मुंबईत कार्यालय असलेल्या कंपनीसाठी ती भाषा मराठी. हे काम वित्तीय जाहिराती करणाऱ्या एजन्सी सांभाळतात. मजकूर संध्याकाळी येतो, आकडे रात्री उशिरापर्यंत बदलतात, सकाळी पेपरात छापलेला लागतो. अशा रात्री दरावर घासाघीस होत नाही.

दुसरं, औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं. रुग्णाला समजेल अशा भाषेत ती द्यावीच लागतात. एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता त्याचं परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी ताडून बघतात. 'प्लासिबो'ला, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीला, नुसतं 'औषध' लिहिलंत तर तिथेच पकडलं जातं. जो हे नीट करतो त्याला कुणी सहज सोडत नाही.

जालनाकर:
दादा, त्या दारापर्यंत पोचायचं कसं? पहिल्याच मेलला नमुना मागतात, आणि माझं सगळं काम गोपनीयतेच्या कराराखाली आहे.

कोपरा_टेबल:
पेपरात आलेली एखादी इंग्रजी नोटीस घ्या, तिचं मराठी स्वतः करा, तोच नमुना. मेलमध्ये दोनच ओळी: कुठल्या विषयात काम करता आणि रात्री किती वाजेपर्यंत हाताशी असता. सगळे उत्तर देणार नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा.

यंत्रयुग:
हे सगळं फार दिवस चालेल असं वाटत नाही. माझ्याकडे आता येणारी बहुतेक कामं 'मशीनने केलंय, तुम्ही फक्त तपासा' अशी, दर निम्मा.

शाईदौत:
'फक्त तपासा'चा दर मी शब्दावर देतच नाही, तासावर देते. आधी दोन पानं मागवून घेते. वाक्यंच्या वाक्यं नव्याने लिहावी लागणार असतील तर ते भाषांतरच आहे आणि बिलही भाषांतराचं.

जालनाकर:
उद्या नमुना करायला बसतो. पण तोवर ६० पैशांचं काम घेणार, आणि त्यात काही गैर करतोय असं मला वाटत नाही.

शाईदौत:
मला अजूनही ते चुकीचंच वाटतं, कारण पुढच्या वेळी एजन्सी मला तुमचाच दर दाखवते. घेणारच असाल तर ती ६० दिवसांची अट तरी मान्य करू नका. काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, करा, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, करार नसेल तर १५. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आयकरात अशी तरतूद आली की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत पैसे देणाऱ्याला करात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचं लक्ष तिथे जातंच.