सोलापूरच्या घराला एमसीएची दोन वर्षं परवडतात का?

रॅपियर:
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. आईनं विड्या वळून आम्हा दोघांना शिकवलं. धाकटी बहीण यंदा बीएस्सी कॉम्प्युटर झाली. नव्या पेठेत हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एकाकडे तिला 14 हजारांवर बोलावलंय. तिला मात्र एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी करायचीय, तीही पुण्यात. सीईटी देऊन झालीय.

माझा विरोध आहे. रागानं म्हणत नाही, कागदावर मांडून बघितलंय. फी वर्षाला 75 हजार, म्हणजे दीड लाख. कॉट बेसिस (खोलीतली एक खाट भाड्यानं) आणि मेस मिळून महिना 10 हजार धरले तर वीस महिन्यांचे दोन लाख. आणि जो आकडा कुणी धरतच नाही तो चोवीस महिन्यांच्या बुडालेल्या पगाराचा: 3 लाख 36 हजार. सगळे मिळून 6 लाख 86 हजार. एमसीएनंतर 28 हजार मिळाले आणि इथं राहून तोवर 18 झाले असते, तर फरक महिना 10 हजारांचा. पावणेसहा वर्षं नुसती भरपाईत जाणार. कर्ज काढलं तर व्याज वेगळं. आईचे डोळे आता विडी वळायला साथ देत नाहीत, एवढी वर्षं थांबायचं कुणी?

कॅप राऊंड:
दादा, पहिलाच आकडा तपासा. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. राहणं-जेवण यात येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीची सवलत केवळ उत्पन्नाचा दाखला वेळेत न निघाल्यानं अडकली, तेव्हा तो आजच काढायला टाका.

दुसरं, पुणंच का? एमसीए सोलापुरातही होतं. घरी राहिली तर तुमच्या कागदावर बुडालेला पगार तेवढा उरतो, तोही तुमच्याच हिशोबानं पावणेतीन वर्षांत निघतो.

हुतात्मा एक्स्प्रेस:
फी माफ झाली तरी मी नकोच म्हणेन. मीही सोलापूरचाच, आता पुण्यात कंपनीत नवीन पोरं घेताना मुलाखतीला बसतो. डेटाबेसमधली दोन टेबलं जोडून माहिती काढायची साधी क्वेरी लिहायला दिली की एमसीए झालेलीही कित्येक मुलं अडखळतात. दोन वर्षं जर्नल पूर्ण करण्यात आणि विकत आणलेला प्रोजेक्ट सादर करण्यात गेलेली असतात. साधा कोड आता एआयकडून लिहून घेता येतो, त्यामुळे नवशिक्याला आधी जे काम मिळायचं तेच कमी झालंय.

नव्या पेठेतली नोकरी छोटी वाटते, पण व्यापारी रोज समोर बसणार, त्याचा जीएसटी का जुळत नाही ते तिलाच शोधावं लागणार. हे कुठल्या वर्गात शिकवतात? शिवाय विप्रो बीसीए-बीएस्सीवाल्यांना घेऊन नोकरीत असतानाच एमटेक करवते. आधी तिथे अर्ज करा.

काउंटर नंबर तीन:
वरच्या प्रतिसादाशी मी अजिबात सहमत नाही. मी हेच ऐकून बीएस्सीनंतर नोकरी धरली होती. एमसीए बाहेरून करू, इग्नूचं मुक्त विद्यापीठ आहेच, असं ठरवलं होतं. घरी यायला रात्रीचे नऊ, मार्च आला की अकरा. पुस्तकं आली, तशीच बांधून राहिली.

पुढे बँकेत आयटी अधिकारी व्हावं म्हणून बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसची जाहिरात वाचली. त्यात चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी किंवा कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी मागितलेली, किंवा मग डोएक या सरकारी संस्थेची कॉम्प्युटरची बी लेव्हल परीक्षा. नुसत्या बीएस्सीला जागाच नाही. मला क्वेरी लिहिता येत होती हो, पण ते दाखवायला मुलाखतीपर्यंत पोचायला तर हवं! शेवटी क्लार्कची परीक्षा देऊन बँकेत लागले, आता काउंटरवर असते. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, 2020-21 पासून दोन झालंय. मला दोनच मागितली असती तर मी दिली असती.

हुतात्मा एक्स्प्रेस:
ताई, बँकेची अट मान्य, ती मी धरली नव्हती. पण त्या परीक्षेला बसणारे किती आणि जागा किती? एका परीक्षेच्या भरवशावर दोन वर्षांचा पगार सोडायला मी कुणाला सांगणार नाही.

काउंटर नंबर तीन:
मी परीक्षेच्या भरवशावर म्हटलंच नाही. मुलगी बाविशीची आहे, घर सध्या भावाच्या पगारावर चालतंय. दोन वर्षांनी तिच्या लग्नाचं बोलणं निघेल, तेव्हा तिला पुन्हा शिकायला कोण पाठवणार?

रॅपियर:
काल रात्री बहिणीला हे सगळं वाचायला दिलं. ती म्हणाली, "दादा, 18 हजार होतील हे तू कशावरून धरलंस? त्या दुकानात तीन वर्षं झालेल्या ताईला अजून 15च मिळतात." हे मी विचारलंच नव्हतं. म्हणजे फरक 13 हजारांचा. सोलापुरात शिकली आणि फी माफ झाली, तर सव्वादोन वर्षांच्या आत फिटतंय.

पुण्याला माझा नकार अजून आहे. सोलापूरचं कॉलेज पहिल्या पसंतीला टाकायला ती तयार नाही, त्यावरून ताटावरच भांडण झालं. आई काही बोलली नाही, फक्त रेशनकार्ड आणि माझ्या पगाराच्या पावत्या काढून ठेवल्या. उद्या सकाळची पाळी बदलून घेतलीय, दोघं तहसीलला जातोय.