मराठी यूट्यूब कमेंटमधल्या आक्रमकतेवर प्रबंध: लेबलं, नमुना आणि प्रश्नावलीबद्दल मदत हवी

कासारवेल

मानसशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध आहे. मराठी बातम्यांच्या यूट्यूब व्हिडिओंखालच्या कमेंटमध्ये आक्रमकता किती आणि कशी दिसते, हा मुख्य भाग. जोडीला अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ऑनलाइन छळाबद्दलची प्रश्नावली. हातात सहा महिने आहेत, पैसे जवळजवळ शून्य आणि लेबलं लावायला आम्ही दोघीच.

अडचणी अशा:

१. चाचणी म्हणून १,००० कमेंटना 'आक्रमक / नाही' अशी लेबलं लावली. आमचं एकमत ९० टक्के, पण कोहेनचा कॅपा (योगायोगाने जुळणारं वगळून मोजलेलं एकमत) ०.४४ आला. सर म्हणतात फारच कमी आहे. मग ९० टक्क्यांना काही अर्थच नाही का?

२. अंतिम नमुना २,००० कमेंटचा ठरतोय: ४० व्हिडिओ, प्रत्येकी ५०. पुरेल का?

३. प्रश्नावलीसाठी युरोपात तयार झालेली २२ प्रश्नांची ईसीआयपीक्यू मराठीत आणतोय. उलट भाषांतर करून घेतलं, मूळ इंग्रजीशी छान जुळलं. एवढं पुरे ना?

४. प्रस्तावनेत एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे) आकडे देऊन 'सायबर-छळ वाढतोय' असं लिहिलं तर चालेल का?

दुर्बीण

पहिल्याचं उत्तर देतो. ९० टक्के आणि ०.४४ यांत विसंगती काहीच नाही. तुमच्या आकड्यांवरून दिसतं की दोघींनीही साधारण शंभर-शंभर कमेंट 'आक्रमक' ठरवल्या असाव्यात आणि त्यांतल्या ५० सामाईक असाव्यात. आता असं समजा, की दोघींनी डोळे मिटून दहात एक या हिशेबाने शिक्के मारले. तरी ०.१ × ०.१ + ०.९ × ०.९ = ०.८२, म्हणजे ८२ टक्के एकमत फुकटात मिळालं असतं. कॅपा एवढंच विचारतो की उरलेल्या १८ पैकी किती कमावलेत. तुम्ही ८ कमावलेत. ८ भागिले १८ म्हणजे ०.४४.

दुसऱ्या बाजूने बघा. किमान एकीला तरी आक्रमक वाटल्या अशा कमेंट १५०, त्यांतल्या दोघींना वाटल्या त्या ५०. ज्या गोष्टीवर प्रबंध आहे तिच्यावर तुमचं एक तृतीयांशच जुळतंय. सर बरोबर आहेत.

दोष मात्र तुमचा नाही, लेबलाचा आहे. 'आक्रमक' हा शब्द फार ढगळ आहे. मतभेदाच्या त्या १०० कमेंट समोर ठेवा आणि प्रत्येकीपुढे भांडण कशावरून झालं ते एका ओळीत लिहा. बहुतेक याच जागा निघतील:

– 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरणं. "तुम्ही अभ्यास करून बोला" आणि "तू अभ्यास करून बोल" यांत शिवी कुठेच नाही, पण अनोळखी निवेदिकेला केलेलं अरे-तुरे हा मराठीत अपमानच. पण लहान मुलाच्या किंवा देवाच्या व्हिडिओखालचा 'तू' तसा नाही. नियम लिहावा लागेल.

– तिरकस स्तुती. "धन्य आहात", "फारच हुशार बुवा तुम्ही". नुसती कमेंट वाचून कळत नाही. व्हिडिओचं शीर्षक आणि वरची कमेंट दिसलीच पाहिजे.

– शिवी नसलेला अपमान: "बांगड्या भरा".

– शिवी असलेला लाड: मालवणीतला "मेल्या, खंय होतंस?"

– दुसऱ्याची शिवी उद्धृत करून तिचा निषेध करणारी कमेंट.

प्रत्येक जागेला एक नियम, दोन होकारी आणि दोन नकारी उदाहरणं. मग नव्या ३०० कमेंट घ्या, त्याच जुन्या नकोत. जुन्यांवर एकमत वाढतंच, कारण चर्चा आठवते. कॅपा ०.६७ च्या खाली असेल तर पुन्हा नियमांकडे वळा; ०.८ मिळाला तर उत्तम. लेबलं स्वतंत्रपणे लावा, शेजारी बसून नाही. मतभेद मिटवायला तिसरी व्यक्ती ठेवलीत तरी एकमताचा आकडा ती येण्याआधीचाच छापायचा.

लेबलही एक नको, तीन पायऱ्या करा: आक्षेपार्ह आहे का, कुणावर रोखलेलं आहे का, आणि व्यक्तीवर की समूहावर. इंग्रजीत ओएलआयडी या लेबलं लावलेल्या ट्वीटांच्या संचाने २०१९ मध्ये ही रचना वापरली आणि मराठीत २०२१ चा एमओएलडी हा २,४९९ ट्वीटांचा संच त्यातली पहिली पायरी वापरतो. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाचा महाहेट हा संच याहून मोठा आहे, २५,००० च्या वर ट्वीट, पण त्यात हेट, ऑफेन्सिव्ह, प्रोफेन आणि नॉट असे चार वर्ग आहेत. दोन्ही संच एकाच टोपल्यात ओतू नका, लेबलांचे अर्थ जुळत नाहीत.

पाणवठा

तीन पायऱ्यांशी अर्धवट सहमत. दोघींनी सहा महिन्यांत करायचं तर तिसरी पायरी गाळा. आक्रमक कमेंट २०० निघाल्या आणि त्या व्यक्ती, समूह, इतर अशा वाटल्या की एखाद्या खणात १५ उरतात. त्यावर काहीही सिद्ध होत नाही.

आता नमुना. ४० × ५० ही रचना बदला. एका व्हिडिओखालच्या कमेंट एकमेकींना पेटवतात, त्या स्वतंत्र नसतात. व्हिडिओअंतर्गत सहसंबंध (एकाच व्हिडिओखालच्या कमेंट एकमेकींसारख्या किती, तो आकडा) ०.०५ इतकाच धरला तरी गुणक १ + ४९ × ०.०५ = ३.४५ येतो आणि तुमच्या २,००० कमेंटची किंमत ५८० एवढीच उरते. त्याऐवजी २०० व्हिडिओ, प्रत्येकी १० कमेंट घ्या: १ + ९ × ०.०५ = १.४५, किंमत जवळपास १,३८०. लेबलांची मेहनत तेवढीच.

कोट्याचंही गणित सांगतो. यूट्यूबच्या डेटा एपीआयला (प्रोग्रॅममधून माहिती मागवायची सोय) दिवसाला १०,००० एकक मिळतात. 'सर्च'च्या एका हाकेला, म्हणजे विनंतीला, १०० जातात, म्हणून व्हिडिओ शोधायला ते वापरू नका. वाहिनीची 'अपलोड्स' प्लेलिस्ट वाचा, एका एककात ५० व्हिडिओ. कमेंटचं पान एका एककाला, १०० कमेंटपर्यंत. क्रम 'टाइम' ठेवा. 'रेलेव्हन्स' ठेवलात तर यूट्यूबने निवडलेली माणसं तुमच्या नमुन्यात येतात.

चूक सर्रास होते ती उत्तरांची. कमेंटच्या धाग्याबरोबर उत्तरांपैकी मोजकीच येतात; सगळी हवीत तर प्रत्येक धाग्याचा आयडी देऊन वेगळी हाक मारावी लागते. खरी हमरीतुमरी उत्तरांतच असते, त्यामुळे हे राहिलं तर आकडा आपोआप सौम्य येतो.

आणखी एक गळती: तुम्हाला दिसतं ते गाळून उरलेलं. वाहिनीवाले कमेंट लपवतात, यूट्यूब स्वतः अडवतं, लिहिणारे पुसतात. आठवड्याने गोळा केलेला संच आणि तासाभराने केलेला संच सारखा नसतो. व्हिडिओ टाकल्यावर १ तास, २४ तास आणि ७ दिवस अशा तीन वेळा आयडी गोळा करा. मधे किती गायब झाले हा स्वतःच एक निष्कर्ष आहे. मजकूर साठवण्यावर मात्र ३० दिवसांचं बंधन आहे, त्यानंतर तो ताजा करायचा किंवा पुसायचा. संशोधकांसाठी यूट्यूबची वेगळी योजना आहे. विद्यापीठामार्फत आजच अर्ज करा, शेवटच्या महिन्यात नको.

शिव्यांची यादी करून शोधलेल्या कमेंट 'किती प्रमाण' या आकड्यात कधीही मिसळू नका. उदाहरणं वाढवायला त्या वापरा, वेगळ्या फाइलीत.

अनुस्वार

अजून कुणी बोललं नाही म्हणून: मजकुराची साफसफाई. पायथनमध्ये सायकिट-लर्नचं काउंटव्हेक्टरायझर (मजकुरातले शब्द सुटे करून मोजणारं साधन) जसंच्या तसं वापरू नका. त्याचा शब्द ओळखायचा नमुना काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही, तिथे शब्द तुटतो. शिवाय एका अक्षराचे तुकडे तो टाकून देतो. म्हणून 'मराठी'चं उरतं 'मर', 'गाढव'चं 'ढव', 'माकड'चं 'कड'. आणि 'मूर्ख'? म, र, ख असे तीन सुटे तुकडे होतात आणि तिन्ही फेकले जातात. आक्रमकता मोजायच्या यंत्रातून 'मूर्ख' हा शब्दच गायब, आणि एररही येत नाही. टोकन पॅटर्न स्वतः द्या: मोकळी जागा आणि विरामचिन्हं सोडून सलग येईल ते सगळं एक शब्द.

दुसरं, अदृश्य चिन्हं सरसकट पुसणारी स्क्रिप्ट सगळीकडे फिरते. मराठीत ती घातक आहे. 'दर्‍या' आणि 'दर्या' यांत फरक करणारं शून्य-रुंदीचं जोडचिन्ह तीच खाते. डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्र होतो. काही कीबोर्ड हाच आडवा रफार 'ऱ'पासून बनवतात, म्हणजे दिसायला एकच शब्द, आतून दोन. 'ॲप' आणि 'अॅप'चंही तेच, आणि नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) हे जुळवून देत नाही. आधी बदलांचा छोटा तक्ता करून सगळं एका रूपात आणा, मगच दुहेरी कमेंट काढा.

रोमन लिपीतली मराठी फेकू नका, वेगळी मोजा. आणि तीन-चार शब्दांच्या कमेंटवर भाषा ओळखणारं साधन हिंदी, मराठी, कोंकणी यांचा गोंधळ घालतं. २०० कमेंट हाताने तपासून त्याची चूक किती ते लिहा.

कासारवेल

'मूर्ख'चं आत्ताच करून पाहिलं, खरंच रिकामी यादी आली! २०० × १० करतोय आणि तिसरी पायरी गाळतोय. प्रश्नावलीबद्दल कुणी सांगेल का? मुलं १६ ते १८ वयाची आहेत.

साक्षीपुरावा

उलट भाषांतर जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका. जितकं शब्दशः भाषांतर, तितकं उलट भाषांतर छान जुळतं, हीच त्यातली मेख आहे. शिवीगाळीबद्दलचा इंग्रजी वाक्प्रचार "मला नावांनी हाक मारली" असा मराठीत आला, तर उलट जाताना तो हुबेहूब इंग्रजी होतो. मराठी मुलाला मात्र त्यात छळ दिसत नाही. नावाने हाक मारणारच ना? "नावं ठेवली" लिहाल तर टीका झाली. "शिव्या दिल्या किंवा चिडवायला नाव पाडलं" असं काहीतरी हवं. आठ-दहा मुलांना प्रत्येक वाक्य वाचायला देऊन "यातून तुला काय कळलं, एखादं उदाहरण सांग" असं विचारा. उत्तरं ऐकून वाक्यं दुरुस्त करा, मग मुख्य पाहणी.

त्या प्रश्नावलीत ११ प्रश्न सोसण्याचे आणि ११ करण्याचे आहेत, प्रत्येकी ० ते ४ गुण, कालावधी मागचे दोन महिने. त्यात दिवाळीची सुट्टी आली तर वर्गाच्या ग्रुपवरचा छळ कमी दिसेल. सगळ्या कॉलेजांत एकाच पंधरवड्यात भरून घ्या. 'करण्याचे' प्रश्न शिक्षक वर्गात असताना भरून घेतलेत तर शून्यांची रांग लागेल. तशीही शून्यं भरपूर येतात. सरासरी काढून टी-चाचणी लावू नका, निगेटिव्ह बायनॉमियल प्रतिमान (अशा विषम मोजणीसाठीची सांख्यिकी पद्धत) वापरा.

मंजुरीचं: १८ खालच्यांसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा रुकार, दोन्ही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १२ ते १८ वयाच्या मुलांचा रुकार लेखी घ्यायचा आहे. संमतीपत्रात "माहिती पूर्णपणे गुप्त राहील" असं वचन देऊ नका. एखाद्या मुलीने लैंगिक छळाचं सांगितलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. हे पत्रातच साध्या मराठीत लिहा आणि खाली १०९८ (बालकांसाठी) व १९३० (सायबर गुन्ह्यांसाठी) हे मदतक्रमांक द्या. नावं नकोच असतील तर प्रश्नावली खरोखर निनावी ठेवा. हजेरी क्रमांकसुद्धा नको.

कमेंटच्या भागात एकही कमेंट जशीच्या तशी छापू नका. अवतरण शोधपेटीत टाकलं की लिहिणारा सापडतो. अर्थ ठेवून शब्द बदला आणि बदललेलं वाक्य स्वतः शोधून पाहा.

पाणवठा

चौथा प्रश्न राहिला. एनसीआरबीची सायबर गुन्ह्यांची नोंद २०१९ मध्ये ४४,७३५, २०२० मध्ये ५०,०३५, २०२१ मध्ये ५२,९७४ आणि २०२२ मध्ये ६५,८९३. पण २०२२ मधल्या सुमारे ६५ टक्के प्रकरणांचा हेतू फसवणूक हा होता. एकूण आकडा वाढला म्हणून छळ वाढला असं त्यातून निघत नाही.

छळाच्या जवळ जाणारा रकाना आहे 'महिला व बालकांचा सायबर पाठलाग / छळ', आणि तो भादंविच्या ३५४ डी कलमावर उभा आहे. ते कलम स्त्रीच्या पाठलागापुरतं. मुलग्याला ग्रुपवर रोज हिणवलं तर तो त्या कलमात बसत नाही. शिवाय एका प्रकरणात पाच कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली एकदाच मोजणी होते. त्यात १ जुलै २०२४ पासून ३५४ डीच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आलं, म्हणजे पुढची मालिका जोडताना तिथे रेघ मारावी लागेल. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ चा दाखला देऊ नका, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय.

राज्यांची तुलनाही टाळा. २०२२ मध्ये तेलंगणात १५,२९७ नोंदी आणि महाराष्ट्रात ८,२४९. तेलंगणाची लोकसंख्या आपल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तिथे गुन्हे जास्त की तक्रार नोंदवून घेणं जास्त, हे या तक्त्यातून कळायला मार्ग नाही. वाक्य एवढंच ठेवा: "नोंदलेल्या सायबर गुन्ह्यांची संख्या २०१९ ते २०२२ दरम्यान ४७ टक्क्यांनी वाढली." ज्या वर्षाचा अहवाल त्याच वर्षाचं लोकसंख्येचं अनुमान वापरा, २०११ची जनगणना नको.

दुर्बीण

अवांतर: लेबलं लावायला दिवसाला दोन तासांच्या वर बसू नका आणि प्रत्येक बैठकीत आधी पाहिलेल्या २० कमेंट गुपचूप मिसळा. थकल्यावर माणूस स्वतःशीच जुळेनासा होतो. ते या वीसमध्ये आधी दिसतं.