दाजींचं फील्ड पोस्टिंग आलंय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. आमचे दाजी तोफखान्यात हवालदार आहेत. देवळालीहून त्यांची लडाखला फील्डवर बदली झालीये, तिथे कुटुंब नेता येत नाही. ताई दोन्ही मुलांना घेऊन नाशिकरोडलाच राहणार. धाकटी तान्ही आहे. तिची पार्ट टू ऑर्डर (जन्माची सैन्याच्या दप्तरी नोंद करणारा आदेश) निघाल्याशिवाय डिपेंडंट कार्ड (कुटुंबीयांचं ओळखपत्र) होत नाही, एवढं कळलंय. जॉइंट खातं, नॉमिनेशन, मुखत्यारपत्र यांपैकी दाजी जायच्या आत काय उरकायलाच हवं?

थोरला पाच वर्षांचा. पप्पांनी ट्रंकेत भरलेले कपडे तो गुपचूप काढून परत कपाटात ठेवतो. तिकडे रेंज नसली की आठवडा आठवडा फोन येणार नाही, तेव्हा त्याला काय सांगायचं? कागदांपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते. ज्या वहिनींनी, काकूंनी हे निभावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.