मदत हवी आहे : माहजोंगमध्ये कोकुशी मुसोसाठी झाकलेला कान लुटताना 'रोन' (दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकल्याचा पुकारा) नेमके केव्हापर्यंत म्हणावे?

नमस्कार. आम्ही चौघे मित्र तोक्योतील निशी-कासाई येथे रविवारी घरीच जपानी माहजोंग खेळतो आणि गेल्या डावातील एका प्रसंगावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. माझा कोकुशी मुसो, म्हणजे १ व ९ आकड्यांच्या आणि वारे-ड्रॅगनच्या मिळून १३ प्रकारच्या सोंगट्यांचा हात, केवळ उत्तर वाऱ्यासाठी अडला होता. तेवढ्यात समोरच्याने चारही उत्तर वारे मांडले, कडेच्या दोन सोंगट्या पालथ्या केल्या आणि 'कान' असे म्हटले. (कान म्हणजे चार सारख्या सोंगट्यांचा संच; चारही स्वतःच्याच हातातल्या असतील तर तो झाकलेला.)

एरवी चानकान, म्हणजे दुसऱ्याच्या कानातील सोंगटी लुटून जिंकणे, उघड्या पोनला (दुसऱ्याने टाकलेली सोंगटी घेऊन जुळवलेल्या तीन सारख्या सोंगट्यांना) चौथी सोंगटी जोडली जात असतानाच करता येतो. मात्र अनेक नियमावल्यांत कोकुशीपुरता झाकलेल्या कानाचाही अपवाद केलेला असतो आणि तो आम्हाला चौघांनाही मान्य आहे. फुरितेनचा (हवी असलेली सोंगटी स्वतःच आधी टाकली असल्यास दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकता न येण्याचा) प्रश्नही उद्भवत नाही, कारण चारही उत्तर वारे त्याच्याच हाती असताना मी त्यांपैकी एखादा पूर्वी टाकलेला असणे शक्यच नाही. (हे मला घरी परतल्यावर सुचले.)

अडचण अशी की, मी क्षणभर गांगरलो आणि 'रोन' म्हणेपर्यंत त्याने मृत भिंतीतील (राखून ठेवलेल्या सोंगट्यांमधील) बदली सोंगटी उचललीही होती. असा दावा ग्राह्य धरावा काय? मी डीलर नव्हतो, त्यामुळे ३२,००० गुण एकट्या त्यालाच द्यावे लागतील, म्हणून तो अडून बसला आहे. स्पर्धांत खेळलेल्यांनी तेथील प्रघात कृपया सांगावा.