बंदराकडे जाणारी लेनच आधी का खचते?

‘डांबर एकाच वेळी पडलं, मग बंदराकडची लेनच का खचली?’ या प्रश्नाला ‘ठेकेदाराने खाल्लं’ एवढंच उत्तर पुरणार नाही. निर्यात जास्त असेल तर त्या बाजूला ट्रक भरलेले जातात, परतताना बरेचसे रिकामे. नुकसान वाढतं ते ॲक्सलवरच्या (चाकांच्या जोडीला धरणाऱ्या आसावरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने. २० टक्के जादा भार म्हणजे झीज दुप्पट! चढावर गाडी रांगते, चाक एकाच जागी जास्त वेळ दाबतं आणि उन्हाने मऊ झालेलं डांबर बाजूला सरकून चाकोरी पडते. चाकोरीवर आडवी पट्टी ठेवून तिची खोली मोजा. खोली २० मिमीच्या वर असेल तर वरून नुसता थर फासू नका. सरकलेला थर मिलिंगने (यंत्राने खरवडून) काढा, चढापुरतं तरी पॉलिमर (रबर-प्लास्टिकसारखा पदार्थ) मिसळलेलं, उन्हात कमी मऊ होणारं डांबर घ्या.